बारावा गाभा

मुठींना आवाज येतो असं यशराजने पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, आधी कान तपासून घे.

त्याचं पुण्यात पूलच्या काठ्यांचं दुकान आहे. पूल म्हणजे तो टेबलावरचा खेळ, रंगीत चेंडू काठीने ढोसून भोकात घालायचे तो. काठीचा पुढचा बारीक भाग तो दुसरीकडून करून घेतो. मागची जाड मूठ, जी खेळणारा हातात धरतो, ती माझी. पोलादपूर तालुक्यात आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमची वाडी आहे. तिथे एसटी दिवसातून दोनदा येते आणि त्यातली एकदा येतच नाही. त्या वाडीत बसून मी, सयाजी, बावीस वर्षं मुठी केल्या. वाडीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी लाटणी करतो. मी सांगायचं सोडून दिलं आहे.

मुठीचं बाहेरचं लाकूड शिसवीचं. दिसायला देखणं, पण भरवशाचं नाही, हवा बदलली की वाकतं. म्हणून मुठीला लांब ड्रिलने आरपार भोक पाडायचं आणि त्यात मेपल या परदेशी लाकडाची सरळ रेषांची गोल कांडी चिकटवायची. तो गाभा. गाभा भोकापेक्षा केसभर बारीक तासायचा. त्याच्या अंगावर एक बारीक खाच फिरवत न्यायची, म्हणजे आत कोंडलेली हवा आणि जास्तीचं इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचं रसायन, त्या वाटेने बाहेर पडतं. मग दोन डब्यांतलं इपॉक्सी मिसळून भोकाला आतून, गाभ्याला बाहेरून लावायचं आणि गाभा फिरवत फिरवत आत सोडायचा. घाई केली तर हवा त्याला मागे ढकलते, आणि जिथे हवा राहिली तिथे चिकटत नाही. सगळं जमलं तर शिसव आणि मेपल एकच लाकूड होतं. अशी मूठ वीतभर उंचीवरून दगडावर उभी सोडली तर टक् असा एकच आवाज येतो आणि पुढे काही नाही. गाभा कुठे सुटलेला असेल तर टक्‌च्या मागोमाग बारीक घरघर येते, झर्रर्र अशी. खेळणाऱ्याच्या तळहाताला ती कळते. तसली मूठ जळणात टाकायची.

माझी एकही मूठ वीस वर्षांत जळणात गेली नाही. मुंबईला ज्या कारखान्यात शिकलो तिथले उस्ताद म्हणायचे, "सयाजी, तेरे हाथ में कुछ है." मी ते खरं मानलं. स्वतःबद्दल कुणी चांगलं बोललं की माणसाला पुरावा लागत नाही.

तर गेल्या वर्षी यशराजकडून चार मुठी परत आल्या. यंदा आषाढात नऊ आल्या. मी एकेक दगडावर सोडून बघितली. दोन-तीन जराशा घरघरल्या, बाकीच्या टक्. मी फोन लावून त्याला झाडलं. म्हटलं, तुमच्या दुकानातल्या एसीत दोष आहे, माझ्या मुठीत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी त्याला ऐकवली, आणि ती मलाच लागू होती हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

यशराज पोरगा सभ्य आहे. तो म्हणाला, "काका, भांडायचं नाहीये मला. तुम्ही दसऱ्यापर्यंत बारा मुठी द्या. त्या नीट निघाल्या तर प्रश्नच नाही. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर काठ्या आपटतंय."

बारा मुठी. साठीला आलेल्या माणसाला दुसरं काही येत नसेल तर बारा मुठी म्हणजे काय, ते सांगायला नको. मी फोन ठेवला आणि हाताकडे बघून मला वाटलं, झालं, हाच तो दोष. हातातलं गेलं.

तुळसा ओटीवर बसली होती. तुळसा माझी बायको. तिच्या मांडीवर तो दम्याचा पंप, नेहमीसारखा.

"काय म्हनतो त्यो?" तिने विचारलं.

"म्हातारा झालो म्हनतो."

"ते तर मी कवाची म्हनते," ती हसली आणि खोकली. तिचं हसणं आता खोकल्याशिवाय संपत नसे.

तिच्या छातीची गोष्ट आधी सांगतो. आमची मुलगी समीक्षा मुंबईजवळ दिव्याला राहते. तिने सात वर्षांपूर्वी घरात गॅस आणून दिला. पण तुळसा मृग लागला की चूल पेटवायची, ती थेट दिवाळीपर्यंत. उन्हाळ्यात गॅस, पावसाळ्यात चूल, असा उलटा कारभार. दारं बंद, कौलांतून धूर निघायला वाट नाही, आणि ही आत बसून फुंकणीने जाळ फुंकतेय. मी शंभरदा ओरडलो असेन. "गॅस हाय ना घरात? मग कशाला डोळे फोडून घेतेस गो?" ती म्हणायची, "भाकरी चुलीवरचीच बरी." एवढंच. बायका हट्टी असतात असं म्हणून मी पुन्हा लाकूड तासायच्या लेथवर जायचो.

दोन वर्षांपूर्वी महाडच्या डॉक्टरीण बाईंनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, या बिडी ओढतात का? मी म्हटलं, बिडी नाही, चूल. त्या म्हणाल्या, "यापुढे धुरात एक मिनिटही बसायचं नाही. फुप्फुसं जेवढी उरलीत तेवढीच आहेत, नवी येणार नाहीत." घरी आलो आणि कुदळ घेऊन चूल फोडली. माझ्या आईने घातलेली चूल. आमच्याकडे घरातली चूल फोडत नाहीत, अशुभ मानतात. तुळसा दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, भाकरीसाठी रुसली. बायकोची काळजी घेणारा नवरा म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

यशराजचा फोन आला त्या आठवड्यात मी दोन गाभे आणि एक परत आलेली मूठ पिशवीत घालून महाडला गेलो, अरविंदकडे. अरविंद दासगावचा. मुंबईत आम्ही एकाच कारखान्यात होतो. तो माझ्यामागून आला, माझ्या लेथखालचा भुसा झाडत शिकला. पण रात्रशाळा केली, परीक्षा दिल्या, आणि आता महाडला मुलांना सुतारकाम शिकवतो. भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. माझ्याकडे एकही नाही.

त्याने खिशातून डबीएवढं यंत्र काढलं, त्याच्या दोन सुया गाभ्यात टोचल्या आणि आकडा बघून माझ्याकडे पाहिलं.

"सयाजी, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. गाभा ओला आहे."

"ओला कसा? मेपल सुकवूनच येतं."

"येताना सुकं येतं. आपल्याकडच्या पावसात चार महिने पडून पाणी पितं. अठरा टक्के ओल दाखवतंय. आठच्या आसपास पाहिजे. तुझ्या घरी तो फुगलेला असतो, म्हणून मूठ घट्ट वाजते. पुण्याच्या एसीत गेला की सुकतो, आकसतो, इपॉक्सीपासून सुटतो. मग घरघरतो."

माझा जीव भांड्यात पडला. हात शाबूत होता. मग त्याने टेबलाच्या खणातून माझीच एक जुनी मूठ काढली, पंधरा वर्षांपूर्वी मी त्याला दिलेली, आणि फरशीवर सोडली. टक्.

"ही का वाजली नाही? ही पण पावसाळ्यातलीच आहे. तेव्हा गाभे कुठे सुकवायचास?"

"सुकवायचो कुठं? आले की तुळसाकडं द्यायचो. ठेव म्हनायचो."

"आणि ती कुठे ठेवायची?"

बावीस वर्षं एकाच घरात राहून मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात माझं काम जेवायचं. गाभे मागितले की ती आणून हातात द्यायची. जरा काळपट असायचे. मी ते पॉलिश पेपरने घासून घ्यायचो. आमच्या घरात सगळंच काळपट, त्यात कांड्यांचं काय मोठं.

अरविंद म्हणाला, "एक काम कर. बाराही गाभे इथे आणून ठेव. मुलांच्या कामासाठी मी दिव्यांची पेटी केली आहे, आत बल्ब आहेत. महिन्या-दीड महिन्यात सुकतील. मग तू चिकटव."

मी म्हटलं, "बघतो."

हा 'बघतो' मला आयुष्यभर पुरणार आहे. उस्ताद सांगायचे की गाभा परक्याच्या घरी ठेवू नये, असं मी एसटीत स्वतःला समजावलं. खोटं होतं. खरं एवढंच की ज्याने माझ्या लेथखालचा भुसा झाडला त्याच्याकडे बारा कांड्या सुकवायला द्यायच्या, हे मला झेपत नव्हतं. सुंभ जळतो, पीळ जात नाही. माझा तर सुंभही धड जळला नव्हता.

घरी पोचलो, ओले कपडेही बदलले नाहीत आणि तुळसाला विचारलं, "मी गाभे द्यायचो ते तू कुठं ठेवायचीस?"

"चुलीवरच्या माळ्यावर. आनी कुठं?" तिने मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "बियानं ठेवते, सुकट ठेवते, तितंच. पावसात दुसरं कुठं काय सुकं ऱ्हातंय या घरात?"

मी पायरीवर बसलो. "म्हनून पावसात चूल पेटवायचीस?"

तिने पंप ओढला. मग म्हणाली, "गॅसवर माळा गरम व्हत नाय. पयल्या वर्षी गॅस आला तवा एक म्हैना चूल बंद ठेवली व्हती, तर कांड्या हाताला थंडगार लागल्या. मला वाटलं तुमचं काम बिघडंल. म्हनून पेटवली परत."

"मग बोलली का नायस? भाकरी भाकरी काय करत व्हतीस?"

"बोलून काय व्हनार व्हतं? तुमी म्हनला असता, तुला काय कळतंय यातलं."

म्हणालो असतो. अगदी हेच शब्द म्हणालो असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेत नव्हता, धुरात बसून खोकत होता. मी तिला अरविंदने सांगितलं ते सगळं सांगितलं. हात नाही, गाभा. गाभा नाही, चूल. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं होतं ती रडेल. ती हसायला लागली.

"म्हंजे इतकी वर्सं मीच करत व्हते तर! आनी तुमी सांगत फिरायचं, माझ्या हातात हाय काय तरी!" ती इतकी हसली की खोकल्याने वाकली, पंप दोनदा ओढला आणि पुन्हा हसली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी तिला एवढी खूश बघितली नव्हती.

मग म्हणाली, "पेटवा चूल."

"खुळी हायस काय? बाईंनी काय सांगितलंय?"

"मी नाय बसत जवळ. मी हितं ओटीवर. तुमी पेटवा. पाच-सा आठवड्यांचा तर प्रश्न हाय."

मी नको म्हटलं. पण ज्या चढ्या आवाजात मी यशराजला झाडलं होतं, तो आवाज काही लावला नाही. दसरा डोळ्यांसमोर होता. अरविंदकडे जायचं नव्हतं. आणि ती ओटीवर बसणार होती ना. मी चूल जिथे फोडली होती तिथे तीन दगड मांडले. तिने ओटीवरूनच सांगितलं, हळद-कुंकू वाहा आधी. मी वाहिलं. बारा गाभ्यांच्या बुडाला पेन्सिलीने एक ते बारा आकडे घातले आणि माळ्यावर ओळीने ठेवले.

मला चूल पेटवता येत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. एक तर विझायची, नाहीतर भडकायची. ओल्या लाकडांचा धूर घरभर झाला. तिसऱ्या दिवशी जाळ माळ्याच्या बांबूंना लागता लागता राहिला. तुळसा ओटीवरून ओरडली, "जाळ नको, धग हवी!" मी म्हटलं, धग म्हणजे किती? धग कशी सांगणार? ती उठून दारात आली. दारातून सांगायला लागली, तो ओंडका मागं ओढा, राख सारा, फुंका, इतकं नको. मग एकदा आत आली, लाकूड सारखं केलं आणि परत गेली. मग दोनदा आली. श्रावण अर्धा झाला तेव्हा ती चुलीपाशीच बसत होती, तोंडाला पदर लावून, आणि मी पडवीत लेथवर मुठींची भोकं पाडत होतो.

मला दिसत होतं. हे मला लिहायलाच हवं. लेथ चालू असला तरी मला तिचा खोकला ऐकू यायचा. मी लेथ थांबवून आत जायचो, म्हणायचो, "तुळसा, ऊठ गो." ती म्हणायची, "एवढं लाकूड सरू दे." आणि मी परत यायचो. दिवसातून तीनदा म्हणायचो, मग दोनदा, मग एकदा. माणूस पापसुद्धा हप्त्याहप्त्याने करतो. पाच आठवडे मी रोज तिला ऊठ म्हणालो आणि रोज माझं ड्रिल सरळ गेलं. एकाही मुठीत भोक तिरकं झालं नाही. हात खरंच शाबूत होता.

आणि ती आनंदात होती, हे आणखी वाईट. संध्याकाळी एकेक कांडी खाली काढून गालाला लावायची. ओलं लाकूड गालाला थंड लागतं, सुकं लागत नाही, हे तिचं यंत्र. मलाही लावून दाखवायची. मला सगळ्या सारख्याच लागायच्या. "तुमचा गाल बी लाकडाचा हाय," ती म्हणायची. तिने शेजारच्या महिपतला बोलावून सांगितलं की सयाजीच्या काठ्या आता मी करते. महिपत म्हणाला, वहिनी, मग आमाला दोन लाटनी द्या. ती खोकेपर्यंत हसली.

समीक्षाचा फोन आला. "बाबा, आईचा आवाज असा का येतोय?"

"पावसाचा खोकला हाय."

"पंप घेते ना ती? घरात धूर-बिर नाही ना?"

"नाय गो," मी म्हटलं.

गौरी-गणपतीला समीक्षाला सुट्टी मिळाली नाही, आणि मला बरं वाटलं. बाप म्हणून हे लिहायची लाज वाटते, पण बरं वाटलं.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तुळसाने बाराही गाभे खाली काढले. एकेक गालाला लावून बाजूला ठेवत गेली. अकरा झाले. बारावा लावला, परत लावला, दुसऱ्या गालाला लावला.

"ह्यो थंड हाय अजून. भिंतीकडं व्हता, त्याला धग कमी लागली. चार दिस ठेवा."

ती तो माळ्यावर ठेवायला उठली. हात वर केला आणि तशीच खाली बसली. पंप ओढला, काही झालं नाही. पुन्हा ओढला. ओठ निळे पडायला लागले. महिपतने जीप आणली. पोलादपूरला म्हणाले, महाडला न्या. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिच्या छातीतून आवाज येत होता, बारीक, सारखा. मी तो आवाज ओळखला. आयुष्यभर तोच आवाज शोधून काढायचं काम मी केलं होतं.

महाडला त्याच डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "घरात चूल आहे?"

मी म्हटलं, "नाही. चूल मी दोन वर्षांमागंच फोडली."

शब्द न् शब्द खरा होता. तीन दगडांना चूल म्हणत नाहीत.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मास्क लावलेला होता, त्यामुळे शेवटचं काही बोलली असेल तर मला कळलं नाही. एकदा माझा हात ओढून गालाला लावला. थंड लागला की नाही, ते तिने सांगितलं नाही.

समीक्षा आली. सगळं आटोपल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावलो. ती तीन दगडांसमोर उभी होती. भिंत नवी काळी झालेली, फुंकणी तिथेच, कोपऱ्यात अकरा कांड्या रचलेल्या. तिने एक उचलून बघितली, बोटाला काजळी लागली ती बघितली. मग मला विचारलं, "बाबा, गॅस संपला होता का?"

मी म्हटलं, "नाय."

तिने कांडी परत जागेवर ठेवली. तेराव्यानंतर गेली. दर रविवारी यायचा तो तिचा फोन आता येत नाही. मी लावला तर जावई उचलतो आणि ती आंघोळीला गेली आहे असं सांगतो.

दसऱ्याला बारा दिवस उरले होते. लोकांना वाटेल, मी लेथला हात लावला नसेल. लावला. बसून काय करणार होतो? आणि त्या कांड्या तशाच टाकल्या असत्या तर ती गेली कशासाठी? मी खाचा फिरवल्या, इपॉक्सी मिसळलं, एकेक गाभा फिरवत आत सोडला. इतकं चांगलं काम माझ्याकडून कधीच झालं नव्हतं. गाभा जायचा, हवा खाचेतून निघायची, टोकाला इपॉक्सीचा थेंब यायचा आणि थांबायचा. अकरा झाल्या.

बारावा गाभा हातात घेतला. चार दिस, ती म्हणाली होती. चार दिवस चूल पेटवायला हवी होती. मी दगडांपाशी जाऊन बसलो, काडी काढली आणि पेटवली नाही. हात पुढे होईना. गाभा गालाला लावला. दुसऱ्या गालाला लावला. मला तो बाकीच्यांसारखाच लागला. अरविंदकडे यंत्र होतं, पण आता त्याला तोंड कसं दाखवणार? मी बाराव्यालाही इपॉक्सी लावलं आणि आत सोडला. मुठींच्या बुडाला आकडे कोरले, जसे नेहमी कोरतो. बाराही दगडावर सोडून बघितल्या. बाराही टक्.

महिन्याभराने यशराजचा फोन आला. त्याला काही कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. आवाज आनंदाचा होता. "काका, एक नंबर! एसीत ठेवून बघितल्या. ठोका लागला की हातात काही जाणवतच नाही. यावेळी काय वेगळं केलंत?"

"काय नाय. गाभा सुकवला."

"मग याच पद्धतीने आणखी चोवीस करा. घाई नाही, गाभे असेच नीट सुकवा."

मी फोन ठेवून दिला. त्याला वाटलं असेल रेंज गेली. आमच्याकडे रेंज जातेच. मेपलची नवी पेटी त्याने पाठवली, ती न उघडता पडवीत पडून आहे.

फाल्गुनात त्याच्याकडून एक पार्सल आलं. आत एकच मूठ आणि चिठ्ठी: काका, बारातली ही एक थोडी वाजायला लागली. चालतं, टेन्शन घेऊ नका. बाकीच्या अकरा अप्रतिम.

मी बुडाचा आकडा बघितला नाही. बघायची गरज नव्हती. अंगणातल्या दगडावर वीतभर उंचीवरून सोडली. टक्, आणि त्याच्या मागून बारीक, सारखी घरघर.

पहाटे तुळसा शेजारी झोपलेली असायची तेव्हा तिच्या छातीतून हाच आवाज यायचा. मी कूस बदलायचो, कधी कधी चिडायचो, झोपू दे म्हणायचो. आता ती मूठ मी रोज दगडावर सोडतो. एकदा, दोनदा, कधी पन्नासदा. महिपतला वाटतं मी मुठी तपासतोय, परत काम सुरू केलंय. त्या अकरा मुठी, ज्यांत काहीच वाजत नाही, त्या कुणाकुणाच्या हातात आहेत मला माहीत नाही. ही एक बिघडली म्हणून घरी आली.

आता वैशाख सरत आला. पंधरा दिवसांत पाऊस येईल. हवा दमट झाली की गाभा पाणी पिईल, फुगेल, भोकात पुन्हा घट्ट बसेल आणि मूठ नुसती टक् वाजेल. माझ्या कामातली ही गोष्ट मला आता कुणी शिकवायला नको.

म्हणून काल मी त्या तीन दगडांपाशी गेलो. राख सारली, काडी ओढली आणि चूल पेटवली. मूठ माळ्यावर ठेवली, भिंतीकडे नाही, मधोमध, जिथे धग नीट पोचते तिथे. लाकूड जरा मागे ओढलं, फुंकणीने हलकेच फुंकलं. धूर डोळ्यांत गेला, छातीत गेला, मी खोकलो आणि तिथेच बसून राहिलो. जाळ झाला नाही. नुसती धग राहिली, जशी तिला हवी असायची तशी. आता मला ती जमते.